राउटर बदलला आणि बॅकअपचा ड्राइव्ह गायब झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फायबर आलं, नाहीतर इंटरनेट कंपनी बदलली, की दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं की फोटोंचा बॅकअप ज्या डब्यात जायचा तो डबा आता सापडत नाहीये. डबा म्हणजे नॅस: स्वतःची हार्ड डिस्क असलेला, केबलने राउटरला जोडलेला, घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना एकाच वेळी वापरता येणारा ड्राइव्ह. सिनॉलॉजी, क्यूनॅप, वेस्टर्न डिजिटलचा माय क्लाउड, यांपैकी कुठलाही असो, खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. एक सूचना आधीच: इथे पत्त्यांचे अंक देवनागरीत छापलेत, संगणकावर टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा.

नॅस दिसेनासा झाला. फोटो गेले का?

नाही. राउटर बदलल्याने डिस्कवरच्या एका फाइललाही धक्का लागत नाही. राउटरचं काम फक्त ये-जा करू देण्याचं. साठवण सगळी नॅसच्या पोटात. तेव्हा पहिले काही तास तरी तीन गोष्टी करू नका. नॅसची वायर सरळ उपटू नका, बंद करायचाच तर पॉवरचं बटण दाबून नीट बंद होऊ द्या. डिस्क काढून लॅपटॉपला लावू नका. विंडोजला त्या डिस्कची मांडणी वाचता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. आणि ‘इनिशियलाइज’ किंवा ‘नव्याने सेट करा’ असं कुठलंही बटण समोर आलं तर त्याला हात लावू नका. माझ्या पाहण्यात राउटर बदलल्यामुळे डेटा गेलेला नाही, घाबरून केलेल्या उपायांमुळे मात्र गेलेला आहे.

मग नेमकं बिघडलं काय?

पत्ता. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटरच्या जाळ्यात एक आयपी पत्ता असतो आणि तो कुठल्या मालिकेतला असायचा हे राउटर ठरवतो. घरगुती जाळ्यांसाठी राखीव मालिका तीनच आहेत: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतची आणि १९२.१६८ ची. भारतातल्या घरांत जवळजवळ नेहमी तिसरी. पण तिच्यातही पोटभेद आहेत. बऱ्याच राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, काहींचा १९२.१६८.०.१, आणि जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१.

आता समजा जुन्या राउटरवर तुमचा नॅस १९२.१६८.१.५० वर होता आणि तो पत्ता कुणीतरी, बहुधा बसवून देणाऱ्याने, हाताने कायमचा ठरवून ठेवला होता. नवा राउटर २९ च्या मालिकेतला आला. घरातली बाकी उपकरणं नवा पत्ता घेऊन मोकळी झाली, नॅस मात्र बिऱ्हाड हललं तरी जुन्याच वाड्याचा नंबर सांगत बसला. केबल जोडलेली, दिवे लुकलुकताहेत, पण त्याची आणि लॅपटॉपची मालिका वेगळी, म्हणून भेट होत नाही.

पत्ता आपोआप घेण्यावर ठेवलेला असेल तर गोष्ट सोपी. नॅसने नवा पत्ता घेतलेला असतो, फक्त तुमचे जुने शॉर्टकट जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असतात.

नवा पत्ता शोधायचा कसा?

आधी नॅस एकदा नीट बंद करून, केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टला लावून (वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या पोर्टला नव्हे) पुन्हा सुरू करा. पाचेक मिनिटं द्या, डिस्क फिरून तयार व्हायला वेळ लागतो.

मग सर्वांत सरळ रस्ता म्हणजे राउटरचं पान. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो आणि पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलवर असतो. आत ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ किंवा ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ (डीएचसीपी म्हणजे राउटरने आपोआप पत्ते वाटण्याची सोय) अशी यादी मिळते. नॅसचं नाव तिथे नसेल तर मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या कारखान्यातून आलेल्या ओळख क्रमांकावरून ओळखा, तो नॅसच्या मागच्या किंवा खालच्या लेबलवर छापलेला असतो.

राउटरचं पान उघडायचं नसेल तर कंपन्यांची शोधणारी साधनं आहेत. सिनॉलॉजीसाठी फाइंड डॉट सिनॉलॉजी डॉट कॉम हे पान किंवा सिनॉलॉजी असिस्टंट, क्यूनॅपसाठी क्यूफाइंडर प्रो. फोनवर फिंग नावाचं अ‍ॅप घरातली सगळी उपकरणं पत्त्यांसकट दाखवतं. पत्ता मिळाला की सिनॉलॉजीच्या बाबतीत त्याच्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन ५०००, क्यूनॅपच्या बाबतीत ८०८० टाकून ब्राउझरमध्ये उघडा. आधी कुणी हे आकडे बदलले नसतील तर लॉगिनचं पान समोर येईल.

यादीत कुठेच नाही. पत्ता हाताने ठरवलेला होता वाटतं. आता?

इथे लोक हात टेकतात आणि टेक्निशियनला फोन लावतात. खरं तर एक लॅपटॉप आणि एक लॅन केबल एवढ्यावर काम होतं. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडाप्टर घ्या, पुढेही उपयोगी पडतो.

आधी जुना पत्ता आठवा. आठवत नसेल तर लॅपटॉपवरच शोधा: ब्राउझरच्या हिस्टरीत, बुकमार्कमध्ये, नाहीतर ‘धिस पीसी’मध्ये लाल फुली पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हच्या नावात तो बहुतेक वेळा सापडतो. मग नॅसची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. पूर्वी यासाठी वेगळी क्रॉस केबल लागायची, आता साधी चालते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर लॅपटॉप भलत्याच वाटेने शोधत बसेल.

आता लॅपटॉपला तात्पुरता जुन्या मालिकेतला पत्ता द्यायचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे ‘आयपी असाइनमेंट’समोर एडिट, मग मॅन्युअल आणि आयपीव्ही४ चालू. नॅस १९२.१६८.१.५० वर होता तर लॅपटॉपला १९२.१६८.१.२० द्या, मास्क २५५.२५५.२५५.० द्या. विंडोज १० मास्कऐवजी ‘प्रीफिक्स लेंग्थ’ विचारतं, तिथे २४ लिहा. गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) रिकामं राहिलं तरी या कामाला चालतं. विंडोज अडून बसलं तर गेटवेत १९२.१६८.१.१ लिहा.

ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाका. लॉगिनचं पान आलं की अर्धं काम झालं. आत कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अशा वाटेने जाऊन पत्ता ‘मॅन्युअल’वरून ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘डीएचसीपी’ करा आणि सेव्ह करा. सेव्ह केल्याबरोबर पान अडकेल, फिरत राहील. तसंच व्हायला हवं, कारण नॅसने तो पत्ता सोडला. केबल परत राउटरला लावा, नॅस रीस्टार्ट करा आणि वरच्या प्रश्नातल्या रीतीने नवा पत्ता शोधा.

शेवटी लॅपटॉपचं इथरनेट पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा. ही पायरी हमखास राहते. मग महिन्याभराने ऑफिसात केबल लावल्यावर इंटरनेट का नाही म्हणून शोधाशोध होते.

एवढं करण्यापेक्षा नवा राउटरच जुन्यासारखा केला तर?

चालतं, आणि घरात हाताने पत्ते दिलेली बरीच उपकरणं असतील (प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) तर हाच उपाय शहाणपणाचा. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता जुन्या राउटरचा होता तोच द्या आणि डीएचसीपीची मालिकाही त्याला जुळवून घ्या. काही इंटरनेट कंपन्यांच्या राउटरांत ही जागा कुलूपबंद असते, तिथे मात्र नॅसलाच बदलावं लागेल.

जाता जाता वायफायचं नाव आणि पासवर्डही जुनेच ठेवा, अक्षर न् अक्षर तेच. आईबाबांचे फोन, टीव्ही, स्मार्ट बल्ब सगळं न सांगता जोडलं जातं.

मागे रिसेटचं छोटं भोक आहे. पिन घालून दाबू का?

दाबता येतं, पण किती वेळ यावर सगळं अवलंबून आहे. सिनॉलॉजीवर साधारण चार सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीला जाते, पत्ता आपोआप घेण्यावर येतो, फायलींना काही होत नाही. पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर ती वेगळी आज्ञा ठरते आणि पूर्ण सिस्टिम नव्याने टाकावी लागते. क्यूनॅपवर तीन सेकंदांचं दाबणं सौम्य; दहा सेकंदांचं दाबलं तर वापरकर्ते, परवानग्या, सगळी मांडणी पुसली जाते. वेस्टर्न डिजिटलच्या मॉडेलांत फरक आहेत, तुमच्या मॉडेलचं पान वाचल्याशिवाय हात घालू नका. माझं मत विचाराल तर आधी केबलचा उपाय, पासवर्डच विसरला असाल तरच पिन.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. हा कुठला?

हा पत्ता राउटरने दिलेला नाही. मागूनही कुणी पत्ता दिला नाही की उपकरण स्वतःच असा एक घेऊन टाकतं. म्हणजे केबल, पोर्ट किंवा राउटरचं डीएचसीपी यांपैकी काहीतरी अडलंय. दुसरी केबल, दुसरं पोर्ट, रीस्टार्ट, या क्रमाने बघा.

कधी जोडला जातो, कधी तुटतो. असं का?

बहुधा एकाच पत्त्यावर दोन दावेदार आहेत. जुना आणि नवा राउटर एकाच मालिकेतले निघाले, नॅसने आपला ठरलेला पत्ता धरून ठेवला आणि नव्या राउटरने नेमका तोच टीव्हीला वाटला, असं होतं. टीव्ही बंद असेपर्यंत सगळं छान. उपाय म्हणजे नॅस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायचा आणि कायमचा पत्ता राउटरच्या बाजूने राखून द्यायचा. राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ नावाची जागा असते, तिथे नॅसचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहायचा. पुढच्या वेळी राउटर बदलला तरी नॅस अडून बसणार नाही.

घरातल्या घरात काही उपकरणांना दिसतो, काहींना नाही.

तुमच्याकडे दोन राउटर आहेत का ते आधी बघा. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो आणि लोक त्याच्या मागे आपला जुना, चांगल्या रेंजचा राउटरही लावतात. मग घरात दोन जाळी होतात. नॅस कंपनीच्या डब्याला आणि लॅपटॉप आपल्या राउटरच्या वायफायवर असेल तर पत्ता टाकून नॅस उघडतो, पण यादीत आपणहून दिसत नाही. उलट असेल, म्हणजे नॅस आतल्या राउटरला आणि फोन बाहेरच्या वायफायवर, तर अजिबात पोहोचता येत नाही. आपल्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकलं की दोन्हींचं एकच जाळं होतं.

दुसरा संशयित म्हणजे ‘गेस्ट’ वायफाय. त्यावरच्या उपकरणांना घरातली इतर उपकरणं मुद्दामच दाखवली जात नाहीत.

ब्राउझरमध्ये उघडतो, पण विंडोजच्या फोल्डरमध्ये येत नाही.

नवा राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने अनोळखी जाळं, त्यामुळे ते ‘पब्लिक’ धरलं जातं आणि नेटवर्कमधली शोधाशोध बंद होते. वायफायच्या किंवा इथरनेटच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा. तोवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे नॅसचा आयपी टाकून बघा, बहुतेक वेळा सरळ उघडतो. उघडला की जुना फुली पडलेला ड्राइव्ह डिस्कनेक्ट करून त्याच अक्षरावर नवा मॅप करा, म्हणजे नॅसचा फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडा. अक्षर तेच ठेवलं तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरला काही बदल जाणवत नाही. पासवर्ड बरोबर असून नाकारत असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली नॅसची जुनी नोंद काढून टाका.

इतकं करूनही नाही? मग राउटरला दोष देणं थांबवा. जाळ्यावरून फायली देण्या-घेण्याच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात, आणि दहा-बारा वर्षं जुने नॅस तिची पहिली आवृत्ती वापरतात. २०१७ सालच्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला याच आवृत्तीतल्या भगदाडातून पसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती येईनाशी झाली. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो वापरणाऱ्यांना पासवर्डशिवाय, नुसतं पाहुणा म्हणून नॅसमध्ये शिरताही येत नाही. नवा राउटर आणि विंडोजचं अपडेट एकाच आठवड्यात आलं की आळ राउटरवर जातो. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करा आणि पासवर्ड असलेला वापरकर्ता बनवा. विंडोजमध्ये पहिली आवृत्ती परत चालू करण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल, तो मी देणार नाही.

मॅकवर टाइम मशीन (अ‍ॅपलचं बॅकअपचं साधन) नॅस शोधत नाही.

फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, इंग्रजीत एसएमबी, दोन टिंबं, दोन सरळ तिरप्या रेघा आणि पुढे नॅसचा नवा पत्ता टाका, आधी फोल्डर उघडतोय का बघा. मग टाइम मशीनच्या सेटिंगमध्ये जुनं ठिकाण काढून तेच फोल्डर पुन्हा जोडा. जुना बॅकअप सापडला, तो वापरायचा का, असं विचारलं तर हो म्हणा. ‘नव्याने सुरू करा’ निवडलंत तर अनेक वर्षांचा इतिहास बाजूला पडतो आणि पूर्ण बॅकअप पहिल्यापासून चालू होतो. आणि मॅकओएस सिकोयापासून इतर कंपन्यांच्या अ‍ॅपना घरच्या जाळ्यात डोकावायला वेगळी परवानगी लागते. नॅसचं अ‍ॅप काहीच दाखवत नसेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क’ तपासा.

मुलगी परदेशातून घरचे फोटो बघायची. आता तिला नॅस उघडत नाही.

जुन्या कनेक्शनवर राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून नॅसपर्यंत थेट यायची वाट मोकळी करून हे केलेलं असणार. नव्या कनेक्शनवर तोच उपाय करूनही न चालण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची पद्धत, सीजीनॅट. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, मग पोर्ट कितीही उघडा.

कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेता येतो. पण घरगुती कामासाठी त्याची गरज नाही. सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट किंवा क्यूनॅपचं मायक्यूनॅपक्लाउड मधल्या सर्व्हरमार्फत जोडून देतं. वेग थोडा कमी, डोकेदुखीही कमी. त्याहून मला टेलस्केल आवडतं. नॅसवर आणि मुलीच्या फोनवर ते टाकलं की दोन्ही एकाच खासगी जाळ्यात येतात, सीजीनॅट असो वा नसो, आणि जगासाठी एकही दार उघडं राहत नाही.

तसंही, पोर्ट उघडण्याची सवय नव्या राउटरबरोबर सुटली तर बरंच आहे. २०२१ च्या जूनमध्ये जगभरातल्या वेस्टर्न डिजिटल माय बुक लाइव्हच्या मालकांना आपले ड्राइव्ह रिकामे सापडले. इंटरनेटवरून कुणीतरी त्यांना फॅक्टरी रिसेट केलं होतं आणि कंपनीने त्या मॉडेलची अपडेट २०१५ मध्येच थांबवली होती. पुढच्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर टोळीने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कुलूपबंद करून प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले.

घरात जोडला गेला, पण नॅस स्वतः इंटरनेटवर जात नाही.

गेटवे किंवा डीएनएस जुनंच राहिलंय. ‘ऑटोमॅटिक’ केलं की दोन्ही सुधारतात. दुर्लक्ष करू नका. इंटरनेट नसलेला नॅस अपडेट घेत नाही आणि डिस्क खराब होऊ लागल्याचा ईमेलही पाठवू शकत नाही.

कॉपी फार मंद चाललीय.

वेग सेकंदाला ११-१२ मेगाबाइटवर अडकलाय का? मग कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे. इंटरनेट कंपन्यांच्या काही राउटरांत एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची १०० ची, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतात. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवेत. फरक छोटा नाही: एक टेराबाइटला पंचवीस तास लागतात की अडीच, एवढा. राउटरवर चांगलं पोर्टच नसेल तर छोटा गिगाबिट स्विच (जास्तीची पोर्ट देणारी पेटी) आणा आणि नॅस नि डेस्कटॉप दोन्ही त्याला लावा.

आमचा ड्राइव्ह साधा यूएसबीचा होता, जुन्या राउटरच्या मागे खोचलेला.

मग तो नॅस नव्हे, नॅसचं काम राउटरच करत होता आणि तो राउटर गेला. नव्याला यूएसबी पोर्ट आहे का आणि ड्राइव्हचा फॉरमॅट त्याला वाचता येतो का ते बघा. वाचता येत नसेल तर फॉरमॅट करायला मागेल. आधी ड्राइव्ह लॅपटॉपला लावून सगळं उतरवून घ्या.

सगळं जोडलं. बॅकअप खरंच चालू झालाय हे कसं कळेल?

ड्राइव्ह दिसतोय म्हणजे बॅकअप होतोय असं नाही. फोनमधलं फोटोचं अ‍ॅप जुन्या पत्त्यावर धडपडत राहतं आणि तक्रारही करत नाही. प्रत्येक फोनवर, प्रत्येक लॅपटॉपवर ‘शेवटचा यशस्वी बॅकअप’ ही तारीख बघा. ती राउटर बदलण्याआधीची असेल तर ते उपकरण अजून जोडायचं राहिलंय. मग आज काढलेला एखादा फोटो नॅसवरून दुसऱ्या उपकरणावर उघडून बघा.

अजून राउटर बदललेला नाही, उद्या माणूस येणार आहे. काय करून ठेवू?

मग तुम्ही नशीबवान. आजच नॅस ‘ऑटोमॅटिक’वर टाका आणि जुन्या राउटरच्या पानांचे फोनने फोटो काढा: लॅन, डीएचसीपी, रिझर्व्हेशन, वायफायचं नाव. नॅसच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड चालतोय का ते आजच लॉगिन करून बघा. उद्या माणूस आला की काम सुरू होण्याआधी नॅस नीट बंद करा, कारण जोडणी करताना मेन स्विच कधी पडेल सांगता येत नाही. आणि जुना डबा कंपनीला परत करायचा असेल तर लगेच हातात देऊ नका. आठवडाभर ठेवा, सगळी उपकरणं नव्यावर आली की फॅक्टरी रिसेट करा, मग परत करा आणि पावती घ्या.